मांडव नव्हे, पडदे

आमच्या घराला खिडक्या आहेत, हे मला घर बांधून झाल्यावर कळलं.

म्हणजे नकाशात त्या होत्या, गवंड्यानं बसवल्याही होत्या, आणि त्यांच्या काचा पुसण्याचं काम माझ्याकडंच होतं. पण खिडकीतून आपल्याला बाहेरचं दिसतं तसं बाहेरच्यांना आतलंही दिसतं, हा मुद्दा काही माझ्या ध्यानात आला नव्हता. आमचं डिंगोऱ्यातलं घर अगदी रस्त्याला लागून. एसटी थांबते ती बरोबर आमच्या पुढच्या खोलीसमोर. एकदा मंदा (माझी बायको) जुन्नरहून येत होती. गाडी थांबली तशी तिच्या मागच्या सीटवरची एक बाई दुसरीला म्हणाली, "ह्या घरातलं माणूस बघ. कवाबी बघावं तर बनियनवर लोळत पडलेलं असतं." मंदा गाडीतून उतरली, घरात आली. मी बनियनवर लोळत पडलो होतो. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आधी जाहीर केलं, की आता पडदे पाहिजेत.

कापड कसलं हवं ते तिनं मला नीट समजावलं. फिकट रंगाचं, साधं, सुती, उजेड अडवणार नाही आणि धुतल्यावर लवकर वाळेल असं. खरं तर तीच जाणार होती, पण नेमकी बचत गटाची बैठक निघाली, आणि घरात रिकामा असा मीच होतो. मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालोय. कालव्याचं पाणी मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळं मापं काढणं हा आपला प्रांत आहे अशी माझी समजूत होती. खिडक्यांची मापं मी स्वतः घेतली, खिशात ठेवली आणि जुन्नरला गेलो.

दुकानदारानं मला गादीवर बसवलं, चहा मागवला, आणि मी 'फिकट' हा शब्द उच्चारायच्या आत माझ्यापुढं एक तागा उलगडला. गडद लाल सॅटिन, आणि त्याला हातभर रुंदीचा सोनेरी काठ. ते कापड गादीवरून असं काही वाहत आलं, की पावसाळ्यात भरून चाललेला कालवा आठवला. मी हात फिरवला तर हात आपोआप पुढं घसरत गेला. मी क्षीण आवाजात सुती कापडाची चौकशी केली. दुकानदार म्हणाला, सुती आहे, दाखवतो, पण हा माल बघा कसा हातोहात जातो, सगळे हाच नेतात. 'सगळे' म्हणजे कोण, हे विचारायला पाहिजे होतं. पण चहा चांगला होता, आणि माणसानं इतकं अगत्यानं दाखवल्यावर नाही म्हणणं मला आजवर कधी जमलेलं नाही. सगळा तागाच घेऊन मी घरी आलो.

मंदानं कापड पाहिलं. आत गेली, पाणी प्यायली, बाहेर आली, पुन्हा पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, की ह्यात फिकट कुठं आहे. मी उलटी बाजू दाखवली. उलट्या बाजूनं ते खरंच जरा फिकट होतं.

दुकानदार कापलेलं कापड परत घेत नाही, आणि तागा न कापता तसाच परत न्यायची मला लाज वाटत होती. म्हणून मी घाईघाईनं तो कापला. मंदानं डोक्याला हात लावला. मग मलाही जिद्द चढली. म्हणालो, पडदे मीच शिवणार, तू बघच. मंदाचं शिवणयंत्र घरात होतंच. सरळ टीप मारायची, त्यात काय अवघड? अवघड असं, की सॅटिन एका जागी राहत नाही. मी इकडून टीप मारत जायचो आणि वरचं कापड खालच्याला सोडून पुढं निघून जायचं. दोरा तुटायचा, सुई मोडायची, एकदा तर मी माझ्या लेंग्याचा पाय पडद्याला पक्का शिवून टाकला आणि चहाला उठलो तेव्हा यंत्रासकट उठलो. मंदा दारात उभी राहून हे पाहत होती. तिनं कात्री आणली, मला पडद्यापासून सोडवलं आणि चहा तिथंच आणून दिला. (तिचे उपकार मोजायला बसलो तर इथूनच सुरुवात करावी लागेल.)

कापड उरलं म्हणून मी पडद्यांना वर झालर लावली. ती मला तरी चांगली दिसली. पण पडदे रॉडवर चढवून पाहिले तेव्हा सगळे खालून तोकडे. मी माप खिडकीचं घेतलं होतं. रॉड खिडकीच्या बराच वर असतो, खालीवर दुमड जाते, चुण्यांत थोडं जातं, ह्यातलं काहीच धरलं नव्हतं. कालव्यात पाणी कमी पडलं की शेतकरी ज्या नजरेनं माझ्याकडं पाहायचे, त्याच नजरेनं मंदानं पाहिलं. शिवाय कापडाला घडीचे वळ पडलेले. ते घालवायला मी इस्त्री फिरवली, तर एका कोपऱ्याचा पापड झाला. शेवटी मंदा म्हणाली, इस्त्री ठेवा खाली. कापड ओलं करून बाहेर टांगू, आपल्या वजनानं सरळ होईल, मग लांबीचं बघू.

तसं आम्ही केलं. ओट्याच्या खांबांना दोऱ्या बांधल्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे पडदे झालरीसकट टांगले. उरलेलं लांब कापड होतं, ते फाटकापर्यंत नेऊन बांधलं. रॉडची भोकं पाडताना धूळ उडाली होती, म्हणून खोली रिकामी करून खुर्च्या अंगणात काढल्या होत्या. त्या मंदानं पुसून ओळीनं मांडल्या. मग आम्ही आत जेवायला बसलो. तेवढ्यात बाहेर एसटी थांबली, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबली.

पहिल्यांदा आल्या शेजारच्या पार्वताबाई. हातात मोठं पातेलं, त्यात झारा आणि उलथनं. त्यांनी ते दणकन ओट्यावर ठेवलं आणि मंदाला सांगितलं, की तुझ्याकडं एवढं मोठं भांडं न्हाई हे मला ठावं हाय. शीतलला (आमची लेक, पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे) त्यांनी लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं, आणि तिचा साखरपुडा ठरल्याचं त्यांना रस्त्यावरच्या माणसांकडून कळावं, हे त्यांना लागलं होतं. मंदानं समजावलं, की साखरपुडा नाही, हे पडदे आहेत. पार्वताबाईंनी पडद्यांकडं पाहिलं, झालरीकडं पाहिलं, ओळीनं मांडलेल्या खुर्च्यांकडं पाहिलं, आणि त्यांतल्याच एका खुर्चीवर बसल्या. त्यांचा विश्वास बसलेला नाही हे दिसतच होतं.

मग गावातला मांडववाला बबन आला. हा माणूस आमच्या घरभरणीला, माझी आई गेली तेव्हा तिच्या जलदानविधीला, प्रत्येक कार्याला मांडव घालायला स्वतः उभा राहिलेला. तो फाटकातच थांबला. मी हाक मारली तरी आत येईना. त्यानं फाटकाला बांधलेलं कापड हातात धरून पाहिलं. त्याला ते ओळखीचं वाटलं, आणि वाटणारच, कारण त्याच्या गोदामात अख्खा मांडव त्याच कापडाचा होता. 'सगळे हाच नेतात' मधले सगळे कोण, हे मला तेव्हा समजलं.

"भाऊ, आमच्यात काय कमी व्हतं?" तो म्हणाला. "दुसऱ्याला सांगितलंत, ठीक हाय. पर निदान बांधणारा तरी बरा बघायचा. ही काय झालर लावलीय व्हय?"

ती झालर मी लावलीय हे मी त्याला सांगितलं. माझ्यावर उपकार करावेत तशी त्यानं तिची एक चुणी सरळ केली.

दुपार कलली आणि शिनोलीहून आक्का आली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या गावातलं कुणीतरी त्या एसटीत होतं, त्यानं फोन केला होता. भाच्याच्या पिकअपमधून ती उतरली ती चेहरा लाल करून, आणि काखेत पिशवी. पिशवीत शीतलसाठी साडी, घरचे तांदूळ आणि शेवया. मी पुढं झालो, जयभीम घातला, तर तिनं माझ्याकडं न बघता मंदाच्या हातात पिशवी दिली.

"भावानं बोलावलं न्हाई म्हनून बहिनीनं यायचं न्हाई, असं कुठं लिवलंय?" ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मी जमलेल्या सगळ्यांना सांगत होतो, शपथा घेत होतो, की अहो काही नाही, कसलं कार्य नाही, मी फक्त खिडक्यांना पडदे शिवले. एकेकाला हाताला धरून आत नेऊन उघड्या खिडक्या दाखवत होतो. तोवर अंगणातल्या खुर्च्या भरल्या होत्या. कुणी गूळ आणलेला, कुणी भुईमुगाच्या शेंगा, कुणी नुसतेच हात हलवत आले होते पण आल्या आल्या झाडू मारायला लागले होते. आणि मी जेवढं नाही नाही म्हणत होतो, तेवढं लोकांना वाटत होतं, की नक्कीच काहीतरी आहे.

त्या गडबडीत शीतलचा फोन आला. मी घराच्या मागच्या बाजूला गेलो. तिचा आवाज जरा कापत होता.

"पप्पा, मला कळलं," ती म्हणाली.

कुणीतरी पडद्यांचा फोटो पाठवला असणार, असं मी धरून चाललो. म्हणालो, "कळलं ना? मी सांगणारच होतो तुला."

"तुम्हाला... आवडला?"

"मला तर बघताक्षणी आवडला. तुझी आई जरा नाराज आहे. तिचं म्हणणं, उंचीला कमी पडतो."

मग म्हणाली, "उंचीचं काय एवढं, पप्पा."

"मीपण तेच म्हणतो. खालून एक पट्टी जोडली की झालं काम."

"चेष्टा नका ना करू. आणि... कुठला आहे ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"कुठून का आलेला असेना," मी म्हणालो. "आपल्या घराला शोभला म्हणजे झालं."

पलीकडून हुंदका आला. पडद्यावरून पोरगी रडते म्हणजे काय, मला उमगेना. नोकरीवर काही झालं की काय म्हणून मी घाबरलो. आणि तशीच रडत रडत ती म्हणाली, "मला वाटलं नव्हतं पप्पा तुम्ही असं बोलाल. मी किती दिवस घाबरत होते. सागर घाटघरचा आहे, आपल्यातला नाही, म्हणून मला तुम्हाला सांगायचं धाडसच होत नव्हतं."

घाटघर म्हणजे नाणेघाटाच्या तोंडाशी, डोंगरातलं गाव. तिथं भात होतो, नाचणी होते. पडद्याचं कापड होत नाही.

मी भिंतीला टेकलो. सगळं एका झटक्यात डोक्यात आलं. आक्काच्या सुनेला शीतलनं हे विश्वासानं सांगितलं होतं, आणि घरी मांडव पडल्याचं ऐकून सुनेनं तिला 'ठरलं म्हणे, अभिनंदन' असा मेसेज टाकला होता, हे नंतर समजलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच समजत होतं, की माझ्या पोरीनं एक मुलगा पसंत केलाय, तो आमच्या समाजातला नाही, तो बुटका आहे, आणि मी त्याला होकार दिलेला आहे.

खोटं कशाला सांगू, 'मी पडद्याबद्दल बोलत होतो' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात पुढच्या अंगणातून पार्वताबाईंचा आवाज आला. शीतल लहानपणी कशी चालायची ते त्या कुणाला तरी करून दाखवत होत्या आणि माणसं हसत होती. आक्काही हसत होती, मघाशी रडलेली. न बोलावता आलेली ती सगळी माणसं, रुसून आलेली, पण पोरीसाठी आलेली. फोनवर पोरगी विचारत होती, "पप्पा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," मी म्हणालो. "त्याला म्हणावं, उंचीचं काही मनावर घेऊ नकोस. येत्या सुट्टीला घेऊन ये घरी."

सागर तिच्याच दवाखान्यात असतो वगैरे सगळं तिनं मग हसत हसत सांगितलं. फोन ठेवला आणि खरा पेच तिथून सुरू झाला. दुपारपासून ज्या लोकांना मी शपथेवर सांगत होतो की काही नाही, त्यांना आता जाऊन सांगायचं होतं की आहे. मी आधी मंदाला आत बोलावून सगळं सांगितलं. ती कोपऱ्यातल्या धान्याच्या पोत्यावर बसली. बराच वेळ ती पदराच्या टोकाला गाठी मारत राहिली आणि सोडत राहिली. मग तिनं एकच विचारलं, पोरगी फोनवर रडत होती ती दुःखानं की आनंदानं. मी म्हणालो, शेवटी शेवटी हसत होती. मंदा उठली, तोंड धुतलं, आणि माझ्याबरोबर बाहेर आली.

मी अंगणात उभा राहिलो आणि शीतलचं ठरलंय असं सांगितलं. मुलगा घाटघरचा, तिच्याच दवाखान्यात लॅबमध्ये काम करतो, आपल्यातला नाही, हेही सांगून टाकलं.

माझी अपेक्षा होती की आता वादळ होईल. झालंही. पण ते भलत्याच गोष्टीवरून.

"मंग मघाधरनं खोटं का बोलत व्हता?" बबन म्हणाला.

सगळे माझ्यावर तुटून पडले. आपल्या माणसांपासून लपवतात का, पडद्याचं सोंग कशाला, आम्ही काय परके. मुलगा कुठला आणि कुणातला ह्यावर कुणी दोन शब्द बोललं असेल तर ती आक्का, आणि तिचा मुद्दा असा, की घाटघरला पाऊस लई, पोरीला सर्दीचा त्रास हाय. एक-दोन वडीलधारी माणसं खुर्ची मागं सरकवून बसली, हे मी पाहिलं. पण ती उठून गेली नाहीत. त्यांतल्या एकानं जेवताना माझ्या हातून वाढून घेतलं, आणि त्याहून जास्त मी काही मागितलं नसतं.

कारण आता जेवण करणं भागच होतं. पार्वताबाईंच्या पातेल्यात भात शिजला, आक्काच्या शेवयांची खीर झाली, बायकांनी भाकऱ्या थापल्या. बबननं माझ्या दोऱ्या सोडून पडदे पुन्हा बांधले. म्हणाला, असा बांधलेला मांडव लोकांनी माझा समजला तर माझा धंदा बसंल. जेवणं झाल्यावर आक्कानं तेच पडदे उतरवले, माझ्या टिपा उसवल्या आणि यंत्रावर बसली. तिनं लग्नाआधी गावात बायकांचे ब्लाऊज शिवलेले. उरलेल्या कापडाची पट्टी तिनं प्रत्येक पडद्याला अशी जोडली, की जोड शोधायला चष्मा लागावा. झालरीकडं तिनं बराच वेळ पाहिलं. मग ती तशीच ठेवली. म्हणाली, भावानं केलीय, राहू द्या.

पुढं सागर आला, त्याचे वडील आले. वडिलांनी घरचा तांदूळ आणला होता, तो शिजताना त्याचा वास शेजारपर्यंत गेला. मुलगा गुणी, बोलायला मऊ, आणि उंचीनं आमच्या शीतलच्या कानाला लागतो. मी ते बघायचं नाही असं इतकं ठरवलं होतं, की सगळा वेळ त्याच्या डोक्यावरच्या पंख्याकडंच बघत बसलो. त्याला वाटलं पंखा बिघडलाय. त्यानं खुर्चीवर चढून तो दुरुस्त केला. लग्न आमच्या पद्धतीनं झालं, नंतर वर घाटघरला त्यांच्या पद्धतीनं जेवण झालं, आणि मांडव दोन्हीकडं बबननंच घातला.

आता माझं गावात नाव झालंय. पुढारलेल्या विचाराचा बाप म्हणून लोक माझ्याकडं बोट दाखवतात. परवा विहारात कार्यक्रम होता, तिथं माझा शाल देऊन सत्कार केला आणि चार शब्द बोलायला लावले. मी चांगला रंगात येऊन बोललो. काळ बदलला पाहिजे, बापानं मुलीचा मित्र झालं पाहिजे, वगैरे. शेवटी एका तरुण पोरानं उठून विचारलं, की असा कठीण निर्णय घेताना तुम्ही मनाशी नेमका काय विचार केला?

मी घसा साफ केला. पण पहिल्या रांगेत बसलेल्या मंदानं माझ्या आधी उत्तर दिलं.

"त्यांनी विचार केलाच न्हाई," ती म्हणाली. "विचार करायला सवड मिळाली असती, तर ते आजून करतच बसले असते."

त्यावर जेवढा हशा आणि टाळ्या झाल्या, तेवढ्या माझ्या सबंध भाषणाला झाल्या नव्हत्या. पुढच्या कार्यक्रमाला बोलायला विहाराच्या मंडळानं मंदाला बोलावलंय. मलाही बोलावलंय. तिची शाल धरायला.